पंगतीत बसवलं, पण पान वाढलं नाही : फिल्म सोसायट्यांच्या मंडळींना खुलं पत्र

महाराष्ट्रात फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या, रसास्वादाचे वर्ग घेणाऱ्या आणि महोत्सवांसाठी चित्रपट निवडणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

गेली पंचवीसेक वर्षं तुमच्या खुर्च्यांवर बसून मी जगभरचे सिनेमे पाहिले. बऱ्याच वेळा खुर्ची लोखंडी असायची, पंखा खडखडायचा, प्रिंटवर पावसासारख्या रेघा असायच्या. तरी घरी जाताना काहीतरी सोबत यायचं. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं असलं तरी घरातल्या माणसाची तक्रार म्हणून वाचावं.

विषय आहे फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा १९३७चा ‘ला ग्रांद इल्यूज्यों’. युद्धविरोधी चित्रपटांची यादी करायला बसलं की पहिल्या पाचांत तो येतोच, आणि यायलाच हवा. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले फ्रेंच अधिकारी, त्यांच्या एका छावणीतून दुसऱ्या छावणीत झालेल्या बदल्या, पळून जायचे बेत आणि शेवटी बर्फातून स्वित्झर्लंडच्या हद्दीकडे चालत निघालेले दोघं. पूर्ण सिनेमात एकही लढाई दिसत नाही, खंदक नाही. आणि तरी युद्धाचा फोलपणा असा दाखवलाय की गोबेल्सने त्याला सिनेमातला शत्रू क्रमांक एक ठरवलं. मुसोलिनीच्या इटलीत त्यावर बंदी आली. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत पोचलेला तो पहिला परभाषिक चित्रपट. रेन्वार स्वतः त्या युद्धात लढलेला, पायाला गोळी लागून जन्मभर लंगडणारा माणूस. मारेशालची भूमिका करणाऱ्या गाबाँच्या अंगावर जो वैमानिकाचा कोट दिसतो तो रेन्वारचा स्वतःचा, युद्धातला. हे सगळं तुम्ही आम्हाला शिकवलंत. मी त्याबद्दल बोलत नाहीये.

मी बोलतोय विन्टर्सबोर्नच्या गढीतल्या एका खोलीबद्दल.

तुम्हाला ती खोली आठवत असेल. वारंवार पळायचा प्रयत्न करणाऱ्या अधिकाऱ्यांना ठेवायची, उंच कड्यावरची गढी. (चित्रीकरण आल्सासमधल्या ओ-कोनिग्सबूर्गच्या किल्ल्यात झालं.) खोलीत रोझेन्थाल हा फ्रेंच अधिकारी नकाशा काढत बसलाय. एक विद्वान पिंडारच्या ग्रीक कवितांचा अनुवाद करतोय, त्याचे कोश टेबलभर पसरलेत. मारेशाल आहे. आणि आपल्या कागदावर मान खाली घालून चित्र काढणारा एक काळा अधिकारी आहे. चित्र पूर्ण होतं. तो ते बाकीच्यांना दाखवतो आणि सांगतो, हे कशाचं चित्र आहे ते : न्याय गुन्ह्याचा पाठलाग करतोय. समोरचा ओझरती नजर टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. नकाशा, दोर, पळायचा बेत. संपलं. त्या माणसाच्या वाट्याला एवढंच आलंय.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तो दिसला नव्हता. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा दिसला, आणि त्यानंतर मला त्या खोलीत दुसरं काही दिसेना.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शहरातला खेळ होता, नाव कशाला घ्या. चित्रपट संपला, दिवे लागले, नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली. पहिल्या रांगेतला एक कॉलेजचा मुलगा उठून म्हणाला, “सर, तो चित्र काढणारा कोण होता? त्याचं पुढे काय झालं?” चर्चा चालवणारे गृहस्थ चांगले अभ्यासू. ते म्हणाले, “तो महत्त्वाचा नाही. हा सिनेमा वर्गाबद्दल आहे.” आणि फ्रेंच कैदी बोएल्दिय आणि गढीचा जर्मन प्रमुख राउफेनश्टाइन यांच्या खानदानी मैत्रीकडे वळले. मुलगा खाली बसला. पुढचा अर्धा तास तो एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या मागेच बसलो होतो आणि मीही बोललो नाही. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे पत्र लिहितोय, असं म्हटलं तरी चालेल.

त्या मुलाच्या प्रश्नाला खरं तर उत्तर होतं. ती भूमिका करणाऱ्या नटाचं नाव हबीब बेंग्लिया. जन्म १८९५चा, अल्जीरियातल्या ओरान शहरातला. पॅरिसच्या रंगभूमीवरचा तो मोठा नट होता. १९२३ साली ओदेऑन नाट्यगृहात त्याने युजीन ओनीलच्या ‘एम्परर जोन्स’ची मध्यवर्ती भूमिका केली. ज्या माणसाने एका पूर्ण नाटकाचं ओझं एकट्याच्या खांद्यावर पेललं, त्याला चौदा वर्षांनी सिनेमात एक चित्र आणि एखाद-दुसरं वाक्य मिळालं. श्रेयनामावलीत तर त्याचं नावही नाही. पात्रालाही नाव नाही. आता तुम्ही म्हणाल, त्या सिनेमातल्या सगळ्यांनाच कुठे नावं आहेत? बरोबर आहे. पण बाकीच्यांना काय म्हणतात ते बघा. एक इंजिनियर. एक मास्तर. आणि हा ‘सेनेगाली’. त्यांना निदान धंदा आहे, ह्याला फक्त मुलूख. तोसुद्धा त्याचाच असेल असं नाही. फ्रान्सच्या पश्चिम आफ्रिकी वसाहतींतून उभ्या केलेल्या पलटणींना सरसकट ‘सेनेगाली बंदूकधारी’ म्हणायची पद्धत होती, माणूस मालीचा असो, गिनीचा असो की आजच्या बुर्किना फासोचा.

हे वाचताना तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल, की साताऱ्यात बसून ह्या माणसाला सेनेगलचं एवढं काय पडलंय? सांगतो.

आमच्या घरी एक ब्राँझची चकती आहे. तळहातापेक्षा थोडी मोठी, जेवणाच्या वाटीवर झाकण बसेल एवढी, आणि माझ्या आजीने ती कित्येक वर्षं दुधाच्या भांड्यावर खरोखरच झाकण म्हणून वापरली. त्यावर हातात हार धरलेली एक बाई आहे, पायाशी सिंह, दोन डॉल्फिन. कडेने इंग्रजीत कोरलंय की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. मधल्या चौकटीत नाव. ते नाव माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं. आजी म्हणायची, “बसऱ्याच्या लढाईला गेले, ते गेलेच.” इंग्लंडच्या सरकारने पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी अशी चकती धाडली होती. तिच्यावर हुद्दा कोरत नसत, मुद्दाम, सगळे सारखे दिसावेत म्हणून. ती घासताना आजी नावावर जास्त जोर द्यायची, त्यामुळे आता अक्षरं पुसट झालीत. बाई आणि सिंह मात्र अजून ठळक आहेत.

बसऱ्याच्या लढाईला इतिहासाच्या पुस्तकात मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, मोहीम म्हणतात. तिथे कूट नावाच्या गावी जनरल टाउन्शेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे जवळजवळ पाच महिने. त्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या : १०३वी, ११०वी आणि ११७वी. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे कापून खायची पाळी आली. हिंदी सैनिकांतल्या अनेकांनी धर्मामुळे ते मांस बरेच आठवडे नाकारलं आणि उपाशीपोटी मोर्चावर उभे राहिले. शेवटी शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैद झाली.

आणि इथून पुढे आपला सिनेमा सुरू होतो, म्हणजे व्हायला हवा होता. कैद्यांची गोष्टच सांगायची तर ही पण कैद्यांचीच आहे. टाउन्शेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं, चांगल्या बडदास्तीत. साध्या सैनिकांना मात्र बगदादहून पुढे वाळवंटातून चालवत नेलं. ज्यांना चालवत नव्हतं ते वाटेत पडले. जे पोचले त्यांतल्या बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावलं. आमच्या घरातला माणूस ह्याच वाटेवर कुठेतरी राहिला. एकाच फौजेचा सेनापती बेटावर आणि शिपाई रुळावर. रेन्वारला वर्गभेद दाखवायचा होता ना, मग ह्याहून मोठा वर्गभेद कुठल्या गढीत सापडला असता?

बसऱ्याजवळ त्या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, ४०,०००हून जास्त मृतांचं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे कोरले. २०२१ साली राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने स्वतःच्या अहवालात कबूल केलं, की आशिया आणि आफ्रिकेतल्या मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवलं गेलं नाही, आणि किमान १,१६,००० जणांची नावं कोरलीच नाहीत. म्हणजे आमच्या दुधाच्या भांड्यावर त्याचं नाव होतं, आणि बसऱ्याच्या दगडावर तो आकड्यातला एक होता. आता सांगा, पडद्यावर एक माणूस आपलं चित्र पुढे करतो आणि बाकीचे मान फिरवतात, तेव्हा मी कुणाच्या बाजूने बघायचं?

माझा मुद्दा आपल्याकडच्या पंगतीच्या भाषेत सांगतो. त्या काळच्या अनेक युद्धपटांनी आफ्रिकी-आशियाई माणसाला पंगतीला बोलावलंच नाही. रेन्वारने बोलावलं. अगदी त्याच ओळीत, त्याच खोलीत, त्याच गणवेशात बसवलं. हे त्या काळात थोडं नव्हतं, आणि ह्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. पण बसवून घेतल्यावर पान वाढायला कुणी आलं नाही. आपल्याकडे ज्याला पंगतीत असं बसावं लागलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे जास्त बोचतं, कारण बाकीच्यांच्या बाबतीत हा सिनेमा कमालीचा बारीक बघतो. मारेशाल बोएल्दियला विचारतो, की इतके महिने एकत्र काढले तरी आपण अजून ‘अहो-जाहो’वरच का? बोएल्दिय सांगतो, मी आईलाही अहो म्हणतो, बायकोलाही. मराठी माणसाला हा प्रसंग उपशीर्षकांशिवाय कळावा. एका शब्दात दोन घरांमधलं अंतर मोजलंय. दुसरा प्रसंग झडतीचा. राउफेनश्टाइन बोएल्दियकडून शब्द मागतो, की खोलीत काही लपवलेलं नाही. बोएल्दिय विचारतो, माझाच शब्द का, माझ्या सोबत्यांचा का नाही? त्यावर राउफेनश्टाइन जे म्हणतो ते सगळ्या समीक्षकांनी उद्धृत केलंय : एका मारेशालचा, एका रोझेन्थालचा शब्द? म्हणजे एक मेकॅनिक आणि एक ज्यू, ह्यांच्या शब्दाला किंमत नाही.

ह्या संवादावर तुम्ही तास घेता, मी ऐकलेत. पण एक गोष्ट त्या तासांत कुणी बोललं नाही. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही त्यांच्या यादीतसुद्धा त्या चित्रकाराचं नाव नाही. अविश्वास दाखवायला तरी माणूस आधी हिशेबात असावा लागतो.

रोझेन्थालचं मात्र तसं नाही. सिनेमाने त्याला जागा दिली, पूर्ण जागा. श्रीमंत सराफी घराण्यातला ज्यू, घरून येणारे डबे सगळ्यांना वाटणारा, आणि शेवटी मुरगळलेल्या पायाने बर्फातून चालणारा. भांडणात मारेशाल त्याच्या तोंडावर म्हणतो, ज्यू मला कधीच आवडले नाहीत. आणि थोडं पुढे जाऊन परत फिरतो, त्याला आधार द्यायला. फ्रान्समध्ये ज्यूद्वेष उघड बोलला जात होता त्या १९३७ सालात ही केवढी हिंमत! ती भूमिका करणारा मार्सेल दालिओ स्वतः ज्यू. १९४०ला जर्मन आले, दालिओ लिस्बनमार्गे अमेरिकेला पळाला. मागे पॅरिसमध्ये त्याच्या चेहऱ्याची भित्तिपत्रकं लागली, ज्यू कसा ओळखावा हे लोकांना शिकवायला. त्याचे आईवडील छळछावणीत मारले गेले. पडद्यावर त्याने एका ज्यू माणसाला चेहरा दिला आणि तोच चेहरा नाझींनी भिंतीवर चिकटवला. प्रतिनिधित्व ही चैनीची गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी दालिओची ही गोष्ट वाचावी. पडद्यावर कोण दिसतं, कसं दिसतं, हे पाहणाऱ्याइतकंच मारणाऱ्यालाही कळत असतं.

स्त्रियांबद्दल एकच सांगून पुढे जातो. पळालेल्या दोघांना आसरा देणारी जर्मन विधवा एल्सा सिनेमात अगदी शेवटी येते, पण भिंतीवरचे फोटो दाखवत ती सांगते, नवरा व्हर्दंच्या लढाईत मेला, भाऊ लिएज, शार्लरुआ आणि टॅननबर्गला. आमचे सगळ्यात मोठे विजय, असं ती म्हणते. आणि मग ते रिकामं, मोठं टेबल. आमच्या आजीच्या सासूने असंच एक पान अनेक वर्षं मांडलं होतं, असं आजी सांगायची. त्यामुळे एल्सा मला परकी कधी वाटलीच नाही.

आता कुणी म्हणेल, अधिकाऱ्यांच्या छावणीत काळा माणूस असणं मुळातच अपवाद, मग दिग्दर्शक किती वाढवणार? पण मग बाकीचे होते कुठे? जर्मनांनी वसाहतीतल्या कैद्यांसाठी वेगळ्या छावण्या केल्या होत्या. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला ‘अर्धचंद्र छावणी’ होती. जर्मनीतली पहिली मशीद तिथे बांधली, १९१५ साली, लाकडाची, कारण मुसलमान कैद्यांना इंग्रज आणि फ्रेंचांविरुद्ध फिरवायचं होतं. शेजारीच हिंदी कैद्यांचा विभाग. तिथे भाषातज्ज्ञ येत आणि भोंग्यासमोर कैद्यांना उभं करून त्यांचं बोलणं मेणाच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करत. ती मुद्रणं आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. डिसेंबर १९१६मधलं एका पंजाबी शिपायाचं, मल्ल सिंगचं, मुद्रण मी ऐकलंय. स्वतःबद्दलच बोलतोय, पण परक्याची गोष्ट सांगावी तसं : एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, मग तो ह्या युरोपच्या लढाईत आला, त्याला जर्मनांनी पकडलं, आणि आता त्याला घरी जायचंय. आवाज खरखरीत, लांबून आल्यासारखा. ‘मी’ म्हणायचीसुद्धा सोय नाही असा कैदी.

रेन्वारच्या सिनेमातला कैदी चित्र काढतो, व्युन्सडॉर्फमधला भोंग्यासमोर बोलतो. दोघंही काहीतरी सांगतायत. ऐकणाऱ्याला त्यांच्या सांगण्यात नाही, भाषेच्या नमुन्यात किंवा आपल्या पळून जायच्या बेतात रस आहे.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेतले सुमारे १,३४,००० सैनिक युरोपात लढले, सुमारे ३०,००० मेले. हिंदुस्थानातून तेरा लाख माणसं गेली, सुमारे ७४,००० परत आली नाहीत. ही माणसं का गेली, ह्याचीही गोष्ट आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या इतका जवळचा आहे की मला आश्चर्य वाटतं तो कुणी जोडला कसा नाही. सेनेगलचा ब्लेझ डियान्य हा १९१४ साली फ्रेंच संसदेत निवडून गेलेला पहिला काळा आफ्रिकी. त्याने हिशेब मांडला : आमचं रक्त घ्या, पण नागरिकत्व द्या. १९१६ला सेनेगलच्या चार शहरांतल्या लोकांसाठी तसा कायदा करून घेतला, आणि १९१८ला स्वतः फिरून हजारो लोक भरती केले. आता आपल्याकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, की आम्हाला पुन्हा पलटणीत घ्या. युद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ला मोडली. सेनेगलच्या डाकारमध्ये आणि पुण्यात एकाच वेळी लोक म्हणत होते, की मरायच्या रांगेत तरी आम्हाला बरोबरीने उभं करा, म्हणजे जगायच्या रांगेत नाकारता येणार नाही. युद्धाविरुद्ध सिनेमा दाखवताना ही गोष्ट अडचणीची आहे, मला कळतं. काहींना शांततेचा हक्क मिळवायलाही आधी बंदूक उचलावी लागली. पण अडचणीची आहे म्हणूनच ती चर्चेत यायला हवी.

सिनेमा आला त्यानंतर तीनच वर्षांनी, जून १९४०मध्ये, लिऑनजवळच्या शासले गावी जर्मन सैनिकांनी शरण आलेल्या आफ्रिकी सैनिकांना गोऱ्यांपासून वेगळं काढून ठार मारलं. गणवेश एक, शरणागती एक, पण वेगळं काढलं. आणि १ डिसेंबर १९४४ला डाकारजवळच्या थियारॉय छावणीत जर्मन कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तर फ्रेंच सैन्याने त्यांच्यावरच गोळ्या चालवल्या. ते सगळे युद्धकैदी होते. मारेशाल आणि रोझेन्थाल सुटून कुठे पोचले हे आपण बघतो. त्यांच्या खोलीतला चौथा माणूस सुटला असता तर कुठे पोचला असता, त्याचं हे उत्तर आहे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना थियारॉयच्या त्या गोळीबाराला ‘कत्तल’ म्हणायला २०२४ उजाडावं लागलं.

न्याय गुन्ह्याचा पाठलाग करतोय.

मी स्वतःशी खूप वाद घातलाय, की रेन्वारला हे कळत होतं का. चित्राचा विषय काही उगाच सुचत नाही. फुलदाणी काढता आली असती, बायकोचा चेहरा काढता आला असता. प्रुदाँ ह्या फ्रेंच चित्रकाराचं ह्याच विषयावरचं १८०८चं चित्र लूव्रमध्ये आहे, सुशिक्षित फ्रेंच माणसाला ते लगेच आठवलं असणार. तेव्हा न्यायाचं चित्र काळ्या माणसाच्या हातात देणं आणि बाकीच्यांचं लक्ष नसणं, हे दोन्ही योजून केलेलं असेल असं मला वाटतं. रेन्वारने त्याला पाहिलं होतं. पण पाहून तो पुढे निघून गेला, कारण त्याला दुसऱ्या दोघांना सीमेपार पोचवायचं होतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसालाही एवढंच जमलं, ह्याचं मला वाईट वाटतं. १९४९-५०ला ‘द रिव्हर’ करायला तो बंगालमध्ये आला, तेव्हा कलकत्त्यात त्याच्यामागे हिंडणाऱ्या तरुण सत्यजित रायांशी तो तासन्‌तास बोलला. तो माणूस ऐकणारा होता. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा जास्त.

पण रेन्वारने पाहिलं की नाही, हा फार तर इतिहासाचा प्रश्न. आपण पाहतो की नाही, हा तुमच्या पुढच्या खेळाचा प्रश्न आहे, आणि माझं मागणं तुमच्याकडेच आहे.

‘ला ग्रांद इल्यूज्यों’ दाखवू नका, असं मी चुकूनही म्हणत नाही. ह्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह जर्मनांनी बर्लिनला नेली, तिथून रशियनांनी मॉस्कोला, तिथून ती साठच्या दशकात तुलूजला पोचली आणि कितीतरी वर्षं तिथल्या डब्यांत कुणाला न कळता पडून होती. इतक्या हालांतून वाचलेली वस्तू आहे ती. दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा. मात्र जे परिचयपत्रक वाटता त्यात गाबाँ, फ्रेने, श्ट्रोहाइम, दालिओ यांच्या खाली हबीब बेंग्लिया हे नाव छापा. एका ओळीची जागा लागते. चर्चा चालवणाऱ्याला आधी सांगा, की कुणी त्या माणसाबद्दल विचारलं तर ‘महत्त्वाचा नाही’ हे उत्तर देऊ नका. कुणीच विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

खेळाच्या आधी दहा मिनिटं व्युन्सडॉर्फचं एखादं मुद्रण ऐकवा. अंधारात, नुसता आवाज. आणि युद्धविरोधी चित्रपटांचा महोत्सव असेल तर एखादा खेळ पुण्या-मुंबईच्या बाहेर आणा. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण मेले. अशा गावात पडदा लावा. कैदी म्हणजे काय, घरी आलेला कागद म्हणजे काय, हे तिथल्या म्हाताऱ्या बायका तुमच्या-माझ्यापेक्षा नीट सांगतील. त्यांना वर्गसंघर्ष हा शब्द माहीत नसेल, पण टाउन्शेंड बेटावर आणि शिपाई रुळावर हे सांगितलंत तर त्या मान डोलावतील.

आणखी एक, लहानसं. तुमच्याकडून आलेल्या एका प्रतीत त्या प्रसंगाला उपशीर्षकच नव्हतं. तो बोलतो, आणि पडद्याच्या खाली काहीच उमटत नाही. बाकी सगळ्या वाक्यांना होतं. ते कुणी मुद्दाम गाळलं असेल असं मला वाटत नाही. भाषांतर करणाऱ्यालाही तो दिसला नसेल, एवढंच. मराठी उपशीर्षकं करायचं कुणी मनावर घेतलं, तर त्या जागेसाठी चार शब्द मी आत्ताच देऊन ठेवतो : ‘न्याय, गुन्ह्याच्या मागावर निघालेला.’ ते वाचायला लागतील तेवढे सेकंद पडद्यावर राहू द्या.

तो पहिल्या रांगेतला मुलगा पुन्हा कधी भेटला तर त्याला बेंग्लियाचं नाव सांगायचं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या खेळाला तो येत असेल तर माझ्या वतीने तुम्ही सांगा.

आपला,
सातारचा एक प्रेक्षक